घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत असे निसर्गपट सुचवा (आजीपासून दुसरीतल्या नातीपर्यंत)

गारवेल
मंडळी, मदत हवी आहे.
गेल्या महिन्यापासून आमच्याकडे शनिवार रात्रीचा एक नियम आहे. सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवरच्या टोपलीत आणि सगळी माणसं हॉलमधल्या एकाच टीव्हीसमोर. प्रेक्षकवर्ग असा: दुसरीतली लेक, आठवीतला चिरंजीव, नवरा, मी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई (इंग्रजी अजिबात नाही, हिंदी मालिकांपुरतं). सिनेमावर एकमत होणं या जन्मी शक्य नाही. म्हणून मी शहाणपणा करून म्हटलं, प्राण्यांचं काहीतरी लावू.

पहिल्याच शनिवारी सिंह लागले. पंधराव्या मिनिटाला म्हशीचं रेडकू गेलं. लेक उशीत तोंड खुपसून रडायला लागली. सासूबाईंचा वरणभाताचा घास हातातच राहिला. "आणि तो फोटो काढणारा मेला नुसता बघत काय उभा राहिलाय? हाकलता येत नाही त्याला?" हे निस्तरतोय तोवर सिंह-सिंहिणीचा संसार सुरू झाला. निवेदक अगदी बातम्या सांगाव्यात तशा आवाजात सविस्तर माहिती देतोय. नवऱ्याला एकदम पाण्याची मोटर आठवली, चिरंजीव पंख्याकडे बघायला लागले, आणि रिमोट नेमका सासूबाईंच्या मांडीखाली.

तर या सगळ्यांना झेपेल असं काय आहे? फार रक्त नको, फार इंग्रजी बडबड नको, कंटाळवाणं नको. आणि सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे असेल तर तेही द्या. मला देता आलं नाही.

खट्याळ_खार
रिमोट ऐन वेळी मांडीखालीच का जातो यावर स्वतंत्र धागा काढा. हजार प्रतिसाद नक्की.

कावळोबा
पेंग्विन लावा. पेंग्विनला कोण नाही म्हणतं?

मुळशीकर
बीबीसीच्या प्लॅनेट अर्थ मालिकेचा २०१६ मध्ये आलेला दुसरा संच. त्यातला पहिला, बेटांचा भाग डोळे मिटून लावा. गालापागोसमधल्या फर्नांडिना बेटावर समुद्री इग्वानाची (मोठ्या सरड्यांची) पिल्लं वाळूतून बाहेर येतात आणि त्यांना समुद्राकाठच्या खडकापर्यंत पोचायचं असतं. मधे सापांचे घोळके. एक पिल्लू निश्चल उभं राहतं, कारण साप हालचालीवर टपलेले. साप अंगाला घासून जातो तरी हलत नाही. मग एकदम धूम. पाच-सहा साप वेटोळं घालतात, संपलं असं वाटतं, आणि ते पठ्ठं त्यातून निसटून खडकावर उडी मारतं!

आमच्याकडे वडील (८१) सोफ्यावरून उठून "पळ, पळ रे" ओरडत होते. वर्ल्ड कपच्या फायनललासुद्धा एवढे उठले नव्हते. भाषेची गरजच पडत नाही. काही पिल्लं मरतात, पण लक्षात राहतं ते सुटलेलं.

त्याच संचातला शेवटचा भाग शहरांवर आहे. त्यात मुंबईचे बिबटे आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांमधले. रात्रीच्या अंधारात खास कॅमेऱ्यांनी टिपलेत. डुकरं पळवतात.

गारवेल
@मुळशीकर, अहो आम्ही घोडबंदरला राहतो, त्याच उद्यानाच्या कडेला. बिबट्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात येतोच. (बहुतेक वेळा ते मांजर निघतं.) पण हा भाग यादीत टाकला.

दोन_पोरांची_आई
एक सावधानतेची सूचना. नेटफ्लिक्सची अवर प्लॅनेट (२०१९) ही मालिका फार सुंदर आहे, पण दुसरा भाग, बर्फाळ प्रदेशांचा, लहान मुलांबरोबर बघण्याआधी स्वतः एकदा पाहून घ्या. त्यात रशियाच्या टोकाला वॉलरस (सुळेवाले, सीलसारखे अवजड प्राणी) उंच कड्यावर चढतात आणि तिथून खाली कोसळतात. एकामागून एक. ते नुसते प्राणी मरताना दिसणं नाही, त्यांना खाली कसं उतरायचं ते कळत नाही हे दिसतं. माझा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे तीन-चार रात्री तो झोपताना विचारायचा, "ते खाली बघून का नाही चालले?" मी एकटीच अशी तक्रार करतेय असंही नाही. तेव्हा नेटफ्लिक्सनेच कोणत्या भागातली कोणती मिनिटं टाळायची त्याची यादी जाहीर केली होती.

माझं मत स्पष्ट आहे. सात वर्षांच्या मुलीला हे आत्ताच दाखवायची काही घाई नाही.

निवृत्त_मास्तर
वरच्या ताईंशी आदरपूर्वक असहमत. आपण मुलांना भीमाने बकासुराला कसा मारला ते जेवताना भरवत सांगितलं. नृसिंहाने उंबरठ्यावर काय केलं तेही सांगितलं. तेव्हा कोणी डोळे झाकले नाहीत. सिंहाने रेडकू खाल्लं तर मात्र टीव्ही बंद. पोरांना जंगल दाखवायचं असेल तर पूर्ण दाखवा, नाहीतर बाहुल्यांचे कार्यक्रम आहेतच.

बाकी परदेशी नावांच्या गर्दीत आपली माणसं विसरू नका. नरेश आणि राजेश या बेदी बंधूंनी गंगेतल्या सुसरींवर फिल्म केली, तिला १९८४ साली वाइल्डस्क्रीन या ब्रिटनमधल्या निसर्गपट महोत्सवाचा पांडा पुरस्कार मिळाला. (सुसर म्हणजे मगर नव्हे. लांब निमुळता जबडा, आणि नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा, म्हणून हिंदीत घडियाल. शाळेत ३० वर्षं हा फरक सांगितला, तरी पेपरवाले सुसरीच्या फोटोखाली मगर लिहितातच.) शेखर दत्तात्री यांची केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलावरची फिल्म १९९१ ची. १९९७ मध्ये बीबीसीने लँड ऑफ द टायगर केलं, सहा भाग, आणि पडद्यावर सूत्रधार आपले वाल्मीक थापर. रणथंभोरच्या वाघांत आयुष्य घातलेला माणूस, २०२५ च्या मे महिन्यात गेला. तो झपाटलेला खर्जातला आवाज ऐकला की आजच्या गुळगुळीत निवेदनांची चव जाते.

आणि ती पार्श्वसंगीताची आदळआपट! हरणाने कान हलवला की ऑर्केस्ट्रा. पूर्वी असं नव्हतं.

दोन_पोरांची_आई
@मास्तर, बकासुराची गोष्ट सांगताना तुम्ही वर्गातल्या पोरांचे चेहरे बघून रंग कमीजास्त करत असणारच. टीव्ही चेहरे बघत नाही. एवढाच मुद्दा.

निवृत्त_मास्तर
हा मुद्दा मान्य करावा लागेल. ऑर्केस्ट्राचा मात्र सोडणार नाही.

डॅलसची_काकू
गारवेल, तुमच्या घराचं वर्णन वाचून आमच्या आईची आठवण झाली. दर दोन वर्षांनी सहा महिने इथे यायची आणि टीव्हीवरचं इंग्रजी ऐकून म्हणायची, "ह्यांच्या तोंडात बटाटा आहे का?" तिच्यासाठी मला एक रत्न सापडलं होतं: मायक्रोकॉसमॉस, १९९६ चा फ्रेंच चित्रपट. सव्वा तासाच्या आसपास आहे. सुरुवातीला आणि शेवटी दोन-चार वाक्यं, बाकी निवेदनच नाही! फ्रान्समधलं एक कुरण आणि त्यातले किडे, बस्स. पावसाचा थेंब पडला की त्यांच्या जगात केवढी उलथापालथ होते ते दिसतं. एक शेणकिडा आपला गोळा ढकलत चाललेला असतो आणि तो गोळा काट्यात रुततो. मागून ढकल, पुढून ढकल, खालून उकर... आई अर्धा वेळ त्याला सूचना देत होती. "अरे मागे घे आधी. मागे घे, मग वळव." रिक्षावाल्याला सांगावं तसं. गोळा सुटला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या.

फ्रेम_बाय_फ्रेम
मायक्रोकॉसमॉसला हजारदा अनुमोदन. पण गारवेल ताई, त्यात दोन गोगलगायींचा अतिशय निवांत प्रणयप्रसंग आहे, वर ऑपेरासारखं गाणं. मोटर आधीच चालू करून ठेवा.

खट्याळ_खार
हसून हसून पुरेवाट. टाकी वाहील हो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं वाघ टीव्हीवर पाहाले कोनी बसत नाही. तो सोताच येते. 😀

मजाक सोडा, आता नीट लिहितो. आमचं गाव ताडोबाच्या बाजूला, चंद्रपूर जिल्हा. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. खाली वाकलेलं माणूस वाघाला जनावरच दिसतं असं आमच्याकडे म्हणतात. माझी मावशी अजूनही एकटी जात नाही, चौघीजणी, आणि जाताना मोठ्याने बोलत जायचं. पण वाघावरच्या फिल्म पाहा. वाघ, हरण, तळं, धुकं. माणूस कुठेच नाही. सफारीची जिप्सी गाडीसुद्धा फ्रेमच्या बाहेर. बघणाऱ्याला वाटते जंगल म्हणजे रिकामी जागा. अरे बापू, त्या तळ्याच्या मागच्या बांधावर माझ्या मावसभावाची बैलं चरत असतात!

म्हणून मला ज्याच्यात माणूस दिसते तेच माहितीपट आवडतात. द एलिफंट व्हिस्परर्स पाहा. तामिळनाडूतल्या मुदुमलाईला हत्तींची छावणी आहे, तिथलं बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिल्लाला वाढवते. कार्तिकी गोन्साल्विसची फिल्म, मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाला. ४० मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे जेवणाच्या आत होते. तामिळ आहे, पण हत्तीच्या पिल्लाला दटावायची भाषा सगळ्या आयांची एकच.

मुळशीकर
@वऱ्हाडी_ठेचा, फार नेमकं लिहिलंत. त्याच जातीचं पण मोठ्यांसाठी: ऑल दॅट ब्रीद्स (२०२२), शौनक सेन यांचं. दिल्लीत दोन भाऊ आपल्या घराच्या तळघरात मांजाने कापलेल्या, आकाशातून पडलेल्या घारींवर उपचार करतात. संथ आहे. दुसरीतली पोरगी झोपेल, आठवीतला मुलगा कदाचित बघेल आणि संक्रांतीला त्याला मांजा घेताना आठवेलही.

कावळोबा
माझ्या पेंग्विनकडे कोणीच लक्ष दिलं नाही.

दर्यावर्दी
देतो की लक्ष. आणि धागाकर्तीच्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही पेंग्विनमध्येच आहे.

डायनेस्टीज (२०१८) नावाच्या मालिकेत एक भाग एम्परर पेंग्विनचा. चित्रीकरण करणारी मंडळी अंटार्क्टिकातल्या अट्का उपसागरापाशी महिनोन् महिने मुक्कामाला होती. एका वादळानंतर काही पेंग्विन पिल्लांसकट बर्फाच्या खोल घळीत अडकले. वर चढायला जागा नाही. आता या धंद्यातला अलिखित नियम असा की आपण मधे पडायचं नाही. आज पेंग्विनला वाचवलं तर उद्या हरणाला वाचवणार, मग वाघाने काय खायचं? पण इथे खाणारा कोणी नव्हताच, नुसती घळ होती. शेवटी त्यांनी फावड्यांनी बर्फात उथळ उतार खणला आणि बाजूला झाले. त्यावरून कितीतरी पक्षी आपापले चढून वर आले.

मुळशीकरांनी सांगितलेल्या शहरांच्या भागातही असंच आहे. बार्बाडोसच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं अंड्यातून निघाली की चंद्राच्या उजेडाऐवजी रस्त्यावरच्या दिव्यांकडे जातात. गटारात, गाडीखाली. पडद्यावर ते बघवत नाही. पण जी पिल्लं त्या लोकांच्या नजरेस पडली ती सगळी त्यांनी उचलून समुद्रात सोडली होती, हे नंतर जाहीर केलं.

तेव्हा आईंना सांगा, नुसताच बघत नव्हता हो मेला.

अवांतर: कासवं बघायचीत तर टीव्ही कशाला? फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेळासला या (मंडणगड तालुका). घरट्यांवर टोपल्या झाकलेल्या असतात, सकाळी आणि संध्याकाळी उचलून बघतात. नशीब असेल तर टोपलीखाली वाळू हलताना दिसते. नसेल तर कोणाच्या तरी ओटीवर उकडीचे मोदक आहेतच. कुठल्याच बाजूने नुकसान नाही.

मुळशीकर
आम्ही तीनदा गेलो, तीनदा मोदक.

दर्यावर्दी
चौथ्यांदा या. होळीची भरती बघून.

आणि दर्याचाच विषय निघालाय तर माइक पांडे यांची शोअर्स ऑफ सायलेन्स (२०००) ही फिल्म शोधा. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जायचे त्यावर आहे. त्याची शिकार करताना पिंपं बांधायचे, म्हणून तिकडच्या कोळ्यांत त्या माशाचं नावच बॅरल पडलं होतं. फिल्मने एवढी खळबळ उडाली की २००१ मध्ये वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंक्तीला बसवून त्याला संरक्षण मिळालं. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी गावोगाव सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला कोणी मारतं का? तेव्हापासून नाव व्हाली, म्हणजे लाडकी. नंतर कोळ्यांनी जाळ्यात सापडलेल्या व्हालीसाठी स्वतःची जाळी कापली. जाळं काय किमतीला पडतं ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. ही फिल्म लहान मुलांसाठी नाही, रक्तच रक्त आहे. पण एका माहितीपटाने कायदा हलला, हे किती वेळा होतं?

निवृत्त_मास्तर
दर्यावर्दी, लेखन उत्तम. वाचनखूण साठवली.

फ्रेम_बाय_फ्रेम
मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काम करतो (मुंबई, आवाज विभाग), म्हणून थोडं विरजण घालतो. तुम्ही निसर्गपटात जे ऐकता त्यातलं बरंचसं नंतर स्टुडिओत केलेलं असतं. साधा हिशोब आहे. कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची भिंग असते, अर्धा किलोमीटरवरचा चित्ता जवळ दिसतो. माइकला तसं काही नाही. तिथे फक्त वारा आणि कॅमेरामनच्या पोटातली कुरकुर ऐकू येते. मग बर्फावरच्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबायची, पंखांसाठी जुने चामड्याचे हातमोजे फडफडवायचे. साप सरपटताना 'सर्रर्र' ऐकू येतं ना? तो कोणीतरी माइकसमोर काहीतरी घासत बसलेला असतो.

निवृत्त_मास्तर
म्हणजे फसवणूक!

फ्रेम_बाय_फ्रेम
सर, आवाजाला मी फसवणूक म्हणणार नाही (पोटाचा प्रश्न आहे). फसवणूक वेगळी. १९५८ च्या डिस्नीच्या व्हाइट वाइल्डरनेसमध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवलं. प्रत्यक्षात ते प्राणी बाहेरून आणले होते, कॅनडातल्या अल्बर्टात, आणि त्यांना ढकललं होतं. १९८० च्या दशकात कॅनडाच्या टीव्हीने ते उघडं केलं. तोवर लेमिंगची आत्महत्या जगभर म्हण होऊन बसली होती. त्या चित्रपटाला ऑस्करही आहे!

मधलं प्रकरण म्हणजे फ्रोजन प्लॅनेट, २०११. ध्रुवीय अस्वलीण बिळात पिल्लांना जन्म देते ते दृश्य नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयात घेतलेलं. बीबीसीने वेबसाइटवर तसं सांगितलंही होतं, पण निवेदनात नाही. मग ब्रिटनमध्ये बराच गदारोळ झाला. मला विचाराल तर खऱ्या बिळात दिवा-कॅमेरा घेऊन घुसलं तर आई एकतर पिल्लं टाकून जाईल किंवा कॅमेरामन खाईल. संग्रहालयात घेतलं ते योग्यच, फक्त त्याच वेळी बोलायला हवं होतं.

दोन_पोरांची_आई
लेमिंगचं वाचून हादरले. आम्हाला कॉलेजात मॅनेजमेंटच्या सरांनी ते उदाहरण म्हणून सांगितलं होतं. 'लेमिंगसारखे कळपामागे जाऊ नका.' आणि तीसच्या तीस जणांनी वहीत उतरवून घेतलं होतं.

खट्याळ_खार
तीसही कळपामागे गेले म्हणा.

वऱ्हाडी_ठेचा
@फ्रेम_बाय_फ्रेम, म्हणजे वाघाच्या डरकाळीच्या मागं तुमीच काय?

फ्रेम_बाय_फ्रेम
डरकाळी बहुतेक खरी असते, फक्त त्याच वाघाची असेल याची खात्री नाही.

डॅलसची_काकू
एक राहिलं. माय ऑक्टोपस टीचर (२०२०). केपटाऊनजवळच्या समुद्रात क्रेग फॉस्टर नावाचा माणूस वर्षभर जवळजवळ रोज, थंडगार पाण्यात, रबरी पोशाखाशिवाय बुडी मारतो आणि एका मादी ऑक्टोपसशी त्याची ओळख होते. ती पायजमा शार्कला चुकवायला अंगावर शिंपले-दगड ओढून घेऊन गोळा होते, आणि एकदा तर सरळ त्याच्या पाठीवरच जाऊन बसते! शार्क शोधतोय आणि ही त्याच्यावर स्वार. ऑक्टोपसचं आयुष्यच वर्ष-दीड वर्षाचं, त्यामुळे शेवट काय ते समजून घ्या. रुमाल लागेल.

मुळशीकर
घराजवळचं म्हणून वाइल्ड कर्नाटकही टाका यादीत. २०२० च्या जानेवारीत थिएटरात लागला होता. अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांचा, निवेदन डेव्हिड अॅटनबरो, हिंदीत राजकुमार राव. सासूबाईंचा भाषेचा प्रश्न सुटेल. सह्याद्री, धनेश, नागराज. तासाभराच्या आत. असा 'वाइल्ड महाराष्ट्र' कोणी करेल तेव्हा मी पहिलं तिकीट काढीन.

गारवेल
बापरे, केवढे प्रतिसाद! दरम्यान तीन शनिवार झाले, त्यामुळे अहवाल देणं भाग आहे.

*शनिवार एक:* मायक्रोकॉसमॉस. फ्रेम_बाय_फ्रेम यांच्या सल्ल्याप्रमाणे नवऱ्याने मोटर आधीच लावली होती, त्यामुळे गोगलगायी आल्या तेव्हा बिचाऱ्याला उठायला कारणच उरलं नाही. सासूबाई शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "किती वेळ बसल्यात गो चिकटून." चिरंजीवांनी जाहीर केलं की गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असते, शाळेत शिकवलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "बरंय. भांडण नाही, घरकाम कोणी करायचं त्याचं." शेणकिड्याला आमच्याकडेही सूचना झाल्या. काकू, तुमच्या आईंना नमस्कार कळवा.

*शनिवार दोन:* ऑक्टोपस. सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. ती शिंपले पांघरून बसली तेव्हा सगळे श्वास रोखून, आणि ह्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे म्हाकल्यांचं सुकं काय होतं!" म्हाकल्या वेगळ्या आणि ऑक्टोपस वेगळा हे मी समजावेपर्यंत लेकीने जाहीर केलं की ती यापुढे मासे खाणार नाही. बुधवारपर्यंत टिकलं. बुधवारी पापलेट होतं.

एलिफंट व्हिस्परर्स त्यांनी एकटीने दुपारी परत पाहिला, हे मला नंतर कळलं. रघूला दुसऱ्या माहुताकडे देतात त्या जागेवर त्यांनी टीव्ही थांबवून चहा ठेवला म्हणे. पेंग्विनच्या घळीची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली. "फावडं होतं ना त्याच्याकडे, मग आधीच का नाही खणलं," एवढंच म्हणाल्या. दर्यावर्दी, पुढचं उत्तर तुम्हीच द्या.

*शनिवार तीन:* बेटांचा भाग, इग्वाना. आणि इथे फ्रेम_बाय_फ्रेम, मी तुमच्यावर नाराज आहे. चिरंजीवांनी हा धागा वाचला होता. पहिल्या मिनिटापासून, "हा आवाज खोटा, हा पण खोटा, हा नंतर टाकलाय." शेवटी नवरा वैतागला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाला, मग तूच काढ आवाज.

पुढचा पाऊण तास आमच्याकडे काय चाललं होतं ते खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. मुलगा पोह्याचे पापड चुरडून इग्वानाची पावलं काढत होता. लेक समुद्र होती, बादली आणि मग घेऊन (फरशी मी पुसली). सापांना काय द्यावं ते सुचेना. सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरातून सूप आणि वाटीभर तांदूळ घेऊन आल्या आणि टीव्हीसमोर मांडी घालून पाखडायला बसल्या. 'सर्र... सर्र... सर्र...' अहो, अंगावर काटा आला! साप थांबले की त्या थांबायच्या, साप झेपावले की सूप झटक्यात वर. एकही ठोका चुकला नाही. तो प्रसंग आम्ही सहा वेळा लावला. सहाव्यांदाही पिल्लू सुटल्यावर सगळे ओरडले.

तांदळातले खडेही निघाले, हा बोनस.

फ्रेम_बाय_फ्रेम
नाराजी मान्य. सूप हे आम्हाला का नाही सुचलं? सोमवारी स्टुडिओत घेऊन जातोय. आईंना विचाराल का, बांबूचं होतं की प्लास्टिकचं? आवाजात फार फरक पडतो.

गारवेल
बांबूचं. शेणाने सारवलेलं, त्यांच्या आईचं. "प्लास्टिकचं सूप हे काय सूप असतं का" असा निरोप आहे.

निवृत्त_मास्तर
हे पार्श्वसंगीत मला चालेल.

कावळोबा
पेंग्विनचा आवाज मी काढून देतो. कोणी विचारलं नाही, तरी.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पुढच्या शनिवारी वाघ लावा. पण डरकाळीचं काय करसान? सुपातून काही निघाची नाही.

गारवेल
त्याची काळजी नाही. नवरा साडेदहाला सोफ्यावरच झोपतो. फक्त तोंडाजवळ पिठाचा रिकामा डबा धरायचा.